एक कनेक्शन, घरभर संगणक: कोल्हापूरच्या घरात नेट कसं वाटून घ्यायचं

पेठेतल्या बऱ्याच घरांत आता साधारण अशी मांडणी असते. खाली सोप्यात बिलं आणि जीएसटीचा हिशेब ठेवणारा डेस्कटॉप, माडीवर विद्यापीठात शिकणाऱ्या मुलीचा लॅपटॉप, मधल्या खोलीत टीव्ही आणि ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल. नेटचं कनेक्शन मात्र एकच, गल्लीतल्या खांबावरून आलेलं. माडीवर नेट पोहोचत नाही म्हणून काही जण सरळ दुसरं कनेक्शन घेतात आणि दर महिन्याला दोन बिलं भरत बसतात. त्याची गरज नसते. एकच कनेक्शन नीट मांडलं तर घरातल्या सगळ्या संगणकांना पुरतं, आणि हे काम घरच्या घरी होतं.

पुढे जे सांगणार आहे त्यात दोन गोष्टींवर माझा भर आहे. घरातल्या यंत्रांना नेटवरचे पत्ते, म्हणजे ओळखीचे आकडे, नेमून देणारा डबा एकच असावा. आणि जे यंत्र जागचं हलत नाही त्याला वाय-फाय नव्हे, वायर द्यावी. नव्या माणसाच्या बहुतेक अडचणी या दोहोंपैकी एक न पाळल्यानं येतात.

पायरी १: घरात काय आहे ते आधी बघा

केबलवाल्यानं भिंतीवर बसवून दिलेला डबा बघा. त्यात एक पिवळी, पांढरी किंवा काळी बारीक वायर येते आणि तिच्या टोकाला हिरवं किंवा निळं कनेक्टर असतं. ही फायबर. तिच्यातून वीज जात नाही, लेझरचा प्रकाश जातो, म्हणून काढलेल्या टोकात डोळा लावून बघू नका. ती काटकोनात दुमडूही नका. फार वाकवली की प्रकाश गळतो आणि नेट अडखळायला लागतं.

फायबर ज्यात जाते तो डबा म्हणजे ओएनटी. कोल्हापुरात त्याला कुणी मोडेम म्हणतं, कुणी राउटर. त्याच्या मागच्या बाजूला लॅन लिहिलेली भोकं मोजा. कुठे एकच असतं, कुठे दोन, कुठे चार. वर अँटेना असतील किंवा डब्यावर वाय-फायचं नाव आणि पासवर्ड छापलेला असेल, तर तो डबाच राउटरचंही काम करतो, म्हणजे आलेलं नेट घरातल्या यंत्रांना वाटून देतो, आणि वेगळा राउटर विकत घ्यायची घाई नको. एकच भोक आणि वाय-फाय नाही असा डबा असेल, तर राउटर लागेल.

आणखी एक गोष्ट इथेच तपासा. लॅनचं भोक किती वेगाचं आहे? स्वस्तातल्या डब्यांत ते १०० एमबीपीएसचं असतं. तुमचा प्लॅन २०० चा असला तरी त्या भोकातून ९५ च्या आसपासच मिळतं, आणि दोष मात्र केबलवाल्याला दिला जातो. १०० च्या वरचा प्लॅन असेल तर ओएनटीचं भोक गिगाबिटचं, म्हणजे १००० एमबीपीएसचं हवं, आणि राउटर घेतलात तर तोही तसाच. एमबीपीएस हा आकडा बिटचा आहे हेही ध्यानात ठेवा. आठाने भागलं की मेगाबाइट मिळतात, म्हणजे १०० च्या प्लॅनवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट हा पूर्ण वेग झाला. फाइल उतरवताना १२ दिसलं तर सगळं व्यवस्थित आहे.

एका कनेक्शनवर इतके संगणक चालतात कसे

कंपनी तुमच्या घराला सहसा एकच पत्ता देते. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी, आणि जगात यंत्रं त्याहून कितीतरी जास्त. म्हणून काही पत्ते फक्त घरातल्या वापरासाठी राखून ठेवले आहेत, १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांतलेच. ही राखीव पत्त्यांची व्यवस्था १९९६ पासून जशी आहे तशी चालू आहे. तुमच्या घरातही १९२.१६८.१.५ असेल आणि शेजारच्या घरातही असेल, आणि दोघांचं काहीच अडत नाही.

मोठ्या वाड्यासारखं समजा. वाड्याला दिंडी दरवाजा एकच, बाहेरून येणारं पत्र वाड्याच्या नावानं दारापर्यंत येतं, आणि ते आत कुठल्या बिऱ्हाडाचं हे दारावरच्या माणसाला ठाऊक असतं. राउटर हेच करतो. कोणत्या संगणकानं बाहेर काय मागितलं याची नोंद तो ठेवतो आणि उत्तर आलं की त्याच संगणकाला पोचवतो. या कामाला नॅट म्हणतात. आतल्या प्रत्येक यंत्राला पत्ता नेमून देण्याचं काम वेगळं, त्याचं नाव डीएचसीपी. हे दोन शब्द राउटरच्या पानावर पुन्हा भेटतील.

पायरी २: राउटर जोडणं

ओएनटीच्या लॅनमधून एक वायर काढून राउटरच्या वॅन भोकात, म्हणजे बाहेरचं नेट आत घेणाऱ्या भोकात घाला. हे भोक बहुधा निळ्या रंगाचं किंवा बाकीच्यांपासून थोडं लांब असतं. डेस्कटॉप किंवा लॅपटॉप दुसऱ्या वायरनं राउटरच्या लॅनमध्ये लावा. ब्राउझर उघडा आणि राउटरच्या तळाच्या स्टिकरवर छापलेला पत्ता टाका. बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. टाइप करताना इंग्रजी अंकच वापरा, मराठी कीबोर्ड चालू राहिला तर पान उघडत नाही. ओएनटी आणि राउटर या दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ निघाला, तर राउटरचा बदलून १९२.१६८.५.१ असा काही करा, नाहीतर दोघे एकमेकांत अडकतात.

आता कनेक्शनचा प्रकार विचारला जाईल. केबलवाल्यानं युजरनेम आणि पासवर्ड दिला असेल तर पीपीपीओई निवडून ते भरा. काहीच दिलं नसेल तर ऑटोमॅटिक किंवा डायनॅमिक आयपी. इथं अंदाजानं काही भरू नका, ऑपरेटरला फोन करून विचारा, दोन मिनिटांचं काम आहे. तुमचा ओएनटी स्वतःच राउटर असेल आणि तुम्हाला तुमचा चांगला राउटरच मुख्य ठेवायचा असेल, तर ऑपरेटरला सांगा, ‘दादा, ओएनटी ब्रिज मोडवर टाकून द्या.’ मग ओएनटी नुसती ये-जा करू देतो आणि पत्ते वाटण्याचं काम एकट्या राउटरकडे राहतं.

राउटर ठेवायचा कुठे? पेठांतल्या जुन्या घरांच्या भिंती काळ्या दगडाच्या, दीड-दोन फूट जाड. अशी एक भिंत ओलांडताना वाय-फाय निम्मं मरतं, दोन ओलांडताना संपतं. त्यामुळे राउटर जिन्याच्या तोंडाशी ठेवा. जिन्याची मोकळी जागा ही वर-खाली जाण्याची एकमेव वाट असते, लहरींनाही. लोखंडी कपाटात, शोकेसच्या काचेमागे, फ्रिजच्या डोक्यावर किंवा मायक्रोवेव्हशेजारी नको. राजारामपुरी किंवा ताराबाई पार्कातल्या अपार्टमेंटमध्ये भिंती पातळ असतात, तिथे अडचण वेगळी: मजल्यावर दहा-बारा वाय-फायची गर्दी. तिथे वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १, ६ किंवा ११ यांपैकी सगळ्यात मोकळा चॅनल निवडा. मधले चॅनल दोन्ही बाजूंच्यांना त्रास देतात. त्याच खोलीतल्या यंत्रांना ५ गिगाहर्ट्झवर घ्या. तो वेगवान आहे, पण भिंतीपुढे लवकर हरतो.

पायरी ३: वायर ओढा, आणि नीट ओढा

हे काम सगळ्यांना कटकटीचं वाटतं आणि म्हणूनच ते टाळलं जातं. पण एकदा केलेलं वर्षानुवर्षं चालतं. डेस्कटॉप, टीव्ही, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, प्रिंटर ही सगळी बसकी यंत्रं. ती वायरवर गेली की वाय-फाय फक्त मोबाइल-लॅपटॉपसाठी उरतं आणि त्यांचाही वेग सुधारतो.

कॅट ५ई या जातीची नेटची वायर १०० मीटरपर्यंत गिगाबिट नेते. आपल्या घरांत ३० मीटर म्हणजे डोक्यावरून पाणी. नव्यानं घेताना कॅट ६ घ्या, पैशांचा फरक फार नाही. मात्र दुकानात एक गोष्ट डोळ्यांसमोर तपासून घ्या. स्वस्त वायरीत आत ॲल्युमिनियमची तार असते आणि वरून फक्त तांब्याचा मुलामा. एका तारेचं टोक सोलून ब्लेडनं हळू खरवडा. आतून पांढरी चंदेरी चमक आली तर ती वायर ठेवून द्या. अशी तार वाकवताना तुटते, लांब अंतरावर सिग्नल सोडते, आणि बिघाड कुठे आहे ते शोधताना जीव मेटाकुटीला येतो. पूर्ण तांब्याची वायर मागा आणि बिलावर तसं लिहून घ्या.

विजेच्या वायरी ज्या पायपातून जातात त्याच पायपातून ही वायर घालू नका. वेगळी पट्टी मारा आणि विजेची वायर ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

टोकाला प्लग मारणं शिकायला सोपं आहे. क्रिंपिंग पक्कड, आरजे ४५ प्लग आणि साधा टेस्टर एवढं लागतं. वरचं आवरण साधारण एक इंच सोला. आत आठ तारा, दोन-दोनच्या पिळाच्या चार जोड्या. पीळ सोडून त्या या क्रमानं शेजारी शेजारी लावा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. नवा माणूस चुकतो तो मध्यावर. हिरव्या जोडीच्या दोन तारा शेजारी येत नाहीत, त्यांच्या मध्ये निळी जोडी बसते, आणि तीही उलटी, आधी निळी मग पांढरी-निळी. तारा बोटांच्या चिमटीत सपाट धरून अर्धा इंच ठेवा, बाकीच्या एका दमात कापा. प्लगचा खटका खाली, सोनेरी पट्ट्या वर आणि तारा घालायचं तोंड तुमच्याकडे, असा प्लग धरला की पांढरी-नारिंगी डाव्या हाताला येते. तारा आत सरकवा, आठही टोकं समोरच्या पारदर्शक भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत आणि बाहेरचं आवरणही प्लगच्या आत गेलेलं पाहिजे. मग पक्कड घट्ट दाबा. दुसऱ्या टोकाला हाच क्रम. टेस्टरवर १ ते ८ दिवे ओळीनं लागले की झालं.

एखादा दिवा लागला नाही तरी नेट चालू होऊ शकतं, आणि तिथेच फसायला होतं. १०० एमबीपीएसला आठांपैकी चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही. त्यामुळे गिगाबिट राउटर, गिगाबिट संगणक, तरी वेग १०० वर अडकलेला दिसला, तर आधी प्लग तपासा.

राउटरची भोकं कमी पडली तर पाच किंवा आठ भोकांचा साधा स्विच घ्या. त्यात काहीही सेटिंग करावं लागत नाही. राउटरमधून एक वायर स्विचमध्ये, बाकीची यंत्रं स्विचवर. एकाच वायरीची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये मात्र चुकूनही लावू नका. आतल्या आत संदेश गरागरा फिरत राहतात आणि क्षणात घरभराचं नेट बसतं.

पायरी ४: माडीवरचं वाय-फाय

घरात जुना राउटर पडून असेल तर तो माडीवर कामाला येतो. बहुतेक जण खालून आलेली वायर त्याच्या वॅनमध्ये घालतात आणि मोकळे होतात. नेट चालतं, पण आता घरात पत्ते वाटणारे दोन झाले. माडीवरच्या लॅपटॉपला खालचा प्रिंटर सापडत नाही, कधी दोघांचे पत्ते एकच निघतात आणि सगळं ठप्प होतं.

नीट पद्धत अशी. खालची वायर लावायच्या आधी फक्त लॅपटॉप त्या जुन्या राउटरला जोडा. त्याच्या सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडा, पुढचं तो स्वतः बघतो. नसेल तर तीन गोष्टी हातानं करा. वाय-फायचं नाव-पासवर्ड भरा. डीएचसीपी बंद करा. त्याचा स्वतःचा पत्ता खालच्या राउटरच्याच पट्ट्यातला पण वेगळा द्या; खालचा १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२. मग खालून आलेली वायर त्याच्या लॅन भोकात लावा, वॅन रिकामं राहू द्या. दोन्हीकडे वाय-फायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवला तर जिना चढताना मोबाइल आपोआप वरच्यावर जातो. चॅनल मात्र वेगवेगळे ठेवा.

वायर ओढणं खरंच शक्य नसेल तर मेश संच घ्या, म्हणजे वायरशिवाय एकमेकांशी बोलणाऱ्या वाय-फायच्या डब्यांचा जोड. नुसता भिंतीत खोचायचा स्वस्त रिपीटर मी सुचवत नाही. तो ज्या चॅनलवर ऐकतो त्याच चॅनलवर बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो, आणि दगडी भिंतीच्या पलीकडे ठेवला तर त्याला मुळात ऐकायलाच काही मिळत नाही.

राउटरच नसेल तर

भाड्याच्या खोलीवर राहणाऱ्या विद्यार्थ्यांना हे उपयोगी. एका विंडोज संगणकाला वायरनं नेट मिळत असेल आणि त्यात वाय-फाय असेल, तर सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग मोबाइल हॉटस्पॉट. कुठलं कनेक्शन वाटायचं तिथे इथरनेट, म्हणजे वायरचं, निवडा, कशावरून वाटायचं तिथे वाय-फाय, आणि चालू करा. दुसरा संगणक वायरनं जोडायचा असेल तर विंडोज आणि आर या कळा एकत्र दाबून उघडणाऱ्या रनच्या चौकटीत इंग्रजीत एनसीपीए.सीपीएल टाइप करा, नेट येणाऱ्या कनेक्शनवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग, आणि पहिल्या चौकटीत टिक. ही सोय विंडोजमध्ये १९९९ च्या विंडोज ९८ सेकंड एडिशनपासून आहे. दुसऱ्या संगणकाला १९२.१६८.१३७ ने सुरू होणारा पत्ता मिळाला म्हणजे वाटणी चालू झाली. मॅकवर हेच सिस्टिम सेटिंग्ज, जनरल, शेअरिंग, इंटरनेट शेअरिंग इथं मिळतं.

अडचण एवढीच की नेट वाटणारा संगणक बंद झाला किंवा झोपला की सगळ्यांचं नेट जातं. तात्पुरती सोय म्हणून उत्तम, कायमची म्हणून राउटरच. मोबाइलचं नेट एकाच लॅपटॉपला हवं असेल तर हॉटस्पॉटपेक्षा यूएसबी टेदरिंग, म्हणजे चार्जिंगच्या वायरीतूनच नेट देणं, बरं: लहरींचा गोंधळ नाही आणि मोबाइल चार्जही होत राहतो.

पासवर्डचं काम आजच करा

राउटरला दोन पासवर्ड असतात. एक वाय-फायचा, एक राउटरच्या सेटिंगचा. दुसरा बहुतेक घरांत कारखान्यातून आला तसाच असतो, आणि डब्यावर छापलेलाही असतो. दोन्ही बदला. सुरक्षेत डब्ल्यूपीए २ किंवा डब्ल्यूपीए ३ हा वाय-फायच्या कुलुपाचा प्रकार निवडा, आणि पासवर्ड न टाकता बटण किंवा पिननं जोडणारी डब्ल्यूपीएसची सोय बंद करा. पाहुण्यांना आणि भाडेकरूंना गेस्ट नेटवर्क द्या, म्हणजे नेट मिळतं पण तुमच्या हिशेबाच्या संगणकापर्यंत कुणी पोचत नाही. गल्लीत सगळे आपलेच, मागितल्यावर पासवर्ड नाही म्हणणं जड जातं, हे मला कळतं. पण कनेक्शन ज्याच्या नावावर, उद्या काही गैरप्रकार झाला तर पहिली विचारणा त्याच्याकडे होते. गेस्टचा पासवर्ड द्या आणि महिन्याकाठी बदला.

वळीव, पूर आणि भारनियमन

एप्रिल-मे महिन्यात वळवाचा गडगडाट सुरू झाला की राउटर आणि ओएनटीचे अडॅप्टर भिंतीतून काढा. फायबरमधून वीज येत नाही, ती येते विजेच्या सॉकेटमधून आणि तांब्याच्या वायरीतून. म्हणूनच गच्चीवरून, या इमारतीतून त्या इमारतीत उघडी लॅन वायर कधी ओढू नये. तिथं फायबरच हवी.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात सुतारवाडा, शाहूपुरीची कुंभार गल्ली अशा सखल भागांत घराघरांत पाणी आलं. अशा भागात राहत असाल तर ओएनटी, राउटर आणि स्विच तळमजल्यावर टेबलाखाली बसवू नका, माडीवर न्या. बसवायला आलेल्या माणसाला आधीच सांगितलं तर तो फायबर वरपर्यंत आणून देतो. नंतर हलवणं अवघड जातं.

वीज गेल्यावरही नेट चालू ठेवायचं असेल तर ओएनटी आणि राउटर दोघांनाही बॅकअप लागतो. बरेच डबे १२ व्होल्टचे असतात आणि त्यांच्यासाठी छोटे यूपीएस मिळतात, पण घेण्याआधी दोन्ही अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त.

नेट गेलं तर कुठे बघायचं

सगळं एकदम बंद-चालू करण्याआधी ओएनटीचे दिवे बघा. एलओएसचा दिवा लाल असेल तर प्रकाशच येत नाही, म्हणजे फायबर तुटली किंवा कनेक्टर निघाला. घरात कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. फायबरची जोडणी दाखवणारा पॉनचा हिरवा दिवा स्थिर असेल तर खांबापासून घरापर्यंतचं ठीक आहे.

मग संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत पिंग लिहा, जागा सोडा, राउटरचा पत्ता टाका. उत्तर आलं नाही तर दोष संगणक आणि राउटरच्या मधला: वायर, प्लग, वाय-फाय. उत्तर आलं तर तसंच पिंग ८.८.८.८ करा, हा बाहेरचा, गूगलचा पत्ता आहे. इथं उत्तर नसेल तर अडचण राउटरच्या पुढे आहे, पीपीपीओईचा पासवर्ड किंवा संपलेला रिचार्ज बघा. ८.८.८.८ चं उत्तर येतंय पण वेबसाइट उघडत नाही, असं असेल तर नावांचा पत्ता शोधणारी डीएनएस सेवा अडली आहे. राउटरमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ आणि १.१.१.१ टाकून बघा. संगणकाचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला कुणी पत्ताच दिलेला नाही, डीएचसीपी किंवा वायर तपासा.

हे पाहून झालं की फोन करा. ‘नेट चालत नाही’ म्हटलं की पलीकडून बंद करून चालू करायला सांगतात. ‘दादा, एलओएस लाल आहे, कालच्या वाऱ्यात खांबावरची वायर लोंबतेय’ असं सांगितलं, तर माणूस शिडी आणि फायबर जोडायचं यंत्र बरोबर घेऊनच येतो.